नेट गेलं म्हणजे नक्की कोण गेलं?

सगळी माणसं आपापल्या खोल्यांतून एकाच वेळी बाहेर येतील असे प्रसंग मराठी घरात आता फार उरलेले नाहीत. एक आरतीचा आणि दुसरा ‘नेट गेलं’चा. आरतीला निदान दोनदा हाका माराव्या लागतात.

नेट गेलं एवढं सगळे सांगतात, पण नक्की कोण गेलं ते कोणी सांगत नाही. रस्त्यावरची काचेची तार गेलेली असेल, भिंतीवरचा डबा गेलेला असेल, राउटर, त्याने वाटलेला नंबर, नाहीतर सातासमुद्रापलीकडची एखादी कंपनी. घरच्यांना या तपशिलात रस नसतो. त्यांच्या मते नेट ही एकच वस्तू असते आणि ती घरातल्या ‘कॉम्प्युटरचं कळणाऱ्या’ माणसाने काहीतरी केल्यामुळे गेलेली असते. आमच्या घरातला तो माणूस मी. या पदासाठी निवडणूक होत नाही. कधीतरी कोणाचा तरी प्रिंटर चालू करून दिलेला पुरतो. मग हे गळ्यात पडतं, आणि राजीनामा स्वीकारणारं कोणी नसतं.

4 ऑक्टोबर 2021 च्या रात्री, नऊ वाजून गेल्यावर, व्हॉट्सॲप बंद पडलं. तिकडे फेसबुकच्याच अभियंत्यांनी देखभाल करताना एक आज्ञा दिली आणि त्यांचीच डेटा सेंटर्स एकमेकांपासून तुटली. पाठोपाठ नावावरून पत्ता सांगणारे त्यांचे डीएनएस सर्व्हरही जगाला दिसेनासे झाले, आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप ही तिन्ही दुकानं सुमारे सहा तास बंद राहिली. बिघाड कंपनीच्या पोटात होता. प्लगमधून उपसले गेले ते आमच्या बिल्डिंगमधले राउटर. खालच्या मजल्यावरचे काका तर स्वतःचा राउटर हातात घेऊनच वर आले. वायर मागे लोंबत होती. “हा बघ रे जरा, याचा जीव गेलाय.” त्याचा जीव शाबूत होता. फक्त त्याला व्हॉट्सॲपवाल्यांचा पत्ता सापडत नव्हता.

तेव्हा नाडी बाहेरून तपासत आत यावं. दाराच्या वर किंवा टीव्हीच्या मागे जो चपटा पांढरा डबा असतो, तो ओएनटी. हल्ली बऱ्याच घरांत हा आणि राउटर एकाच डब्यात असतात. रस्त्यावरून येणाऱ्या काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, आणि त्या प्रकाशाचे विजेचे संकेत करणं हे या डब्याचं काम. ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो तो जेमतेम 9 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक. डब्यावर ‘एलओएस’ ही तीन इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्याजवळ एक दिवा असतो. तो लाल झाला की समजावं, बाहेरून प्रकाशच येत नाहीये. अशा वेळी घरात बसून काहीही करता येत नाही. बटणं दाबून मनःशांती मिळते, नेट मिळत नाही. बाहेर कोणीतरी रस्ता खणलेला असतो, मंडपाचा बांबू रोवलेला असतो, नाहीतर उंदराने वायर कुरतडलेली असते. तक्रार केंद्राला मात्र हे मान्य नसतं.

“सर, राउटर ऑफ-ऑन करून बघितला का?”

“अहो, लाल दिवा लागलाय. प्रकाशच येत नाहीये.”

“बरोबर आहे सर. पण एकदा ऑफ-ऑन करून बघा ना.”

एकदा बाहेरचं काहीच तुटलेलं नव्हतं. लाईन बघायला आलेल्या मुलाने डब्याच्या मागे हात घातला आणि एका क्षणात निदान केलं. “काकू, ही वायर कोणी दुमडली?” आईने साफसफाईच्या ओघात जास्तीची पिवळी वायर छान घडी घालून रबरबँडात बसवली होती. काचेचा तंतू फार दुमडला की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो, हे भौतिकशास्त्र आहे. “अरे, पण किती पसारा दिसत होता,” हे आईचं उत्तर. यावर त्या मुलाकडे काही बोलायला नव्हतं, माझ्याकडे तर नव्हतंच.

त्यानंतर येतो राउटर. आत आलेलं नेट घरभर वाटणारा हा. त्याला ठेवायची योग्य जागा घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळी. प्रत्यक्षात तो शोकेसच्या खालच्या कप्प्यात, टीव्हीच्या मागे, क्रोशाच्या रुमालाखाली असतो, कारण ‘तिथेच प्लग आहे’. लोखंडी कपाट, आरसा, माशांची टाकी, आरसीसीची भिंत, यांतल्या कशालाही वायफाय सहज ओलांडून जात नाही. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या घरांत तर ते ओसरीवरून माजघरात जायलासुद्धा कां कूं करतं.

अँटेना हा वडील मंडळींचा प्रांत. ज्या पिढीने गच्चीवर उभं राहून, खालून येणाऱ्या ‘आलं, आलं, गेलं’ या आरोळ्यांच्या तालावर दूरदर्शनची अँटेना फिरवली, ती पिढी राउटरची अँटेना बंदुकीसारखी बेडरूमवर रोखते. पण या काडीसारख्या अँटेनाचा जोर तिच्या टोकातून निघत नाही, तो आडवा चहूबाजूंना पसरतो. टोकाच्या रेषेत तो सगळ्यात कमी. म्हणजे बाबांनी बेडरूमकडे नेम धरला की बेडरूम सोडून बाकी सगळीकडे नेट उत्तम. मी ती उभी करतो. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नेम धरून बसलेली असते.

वायफाय घरात बहुधा दोन आवृत्त्यांत असतं, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. पाच वेगवान, पण भिंतींना भितं. दोन पॉइंट चार दूरवर जातं, पण तिथे गर्दी फार. एकमेकांवर न चढणारे तीनच चॅनेल तिथे मिळतात, 1, 6 आणि 11. त्यांत तुमच्या मजल्यावरचे, वरचे, खालचे, समोरच्या विंगमधले सगळे राउटर दाटीवाटीने उभे असतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो. त्यामुळे पोहे गरम होतात तेव्हाच शेजारच्या खोलीतली मीटिंग अडखळते. ऑफिसातल्या साहेबांना हे कारण सांगून बघा. खरं असूनही ते पटत नाही.

वायफायला नाव द्यायचं स्वातंत्र्य मात्र सरकारने, कंपनीने, सगळ्यांनीच दिलंय. तरी निम्म्या बिल्डिंगीत कारखान्यातून आलेलीच नावं असतात. बाकीच्यांत इष्टदेवता, आडनाव, किंवा शेजाऱ्याला टोमणा. देवनागरीत नाव देणाऱ्यांसाठी एक तांत्रिक अडचण आहे. या नावाला 32 बाइटांचीच जागा असते. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला, प्रत्येक काना-मात्रेला आणि पाय मोडणाऱ्या हलन्तालाही तीन-तीन. ‘श्री स्वामी समर्थ’ला 47 लागतात, ते बसतच नाही. ‘बाप्पा मोरया’ 34 वर जाऊन अडतं. मधली रिकामी जागा काढली तरी 33. एका बाइटासाठी बाप्पा दारात अडकतात. नुसतं ‘मोरया’ बसतं, 15 मध्ये.

आता नंबरांकडे. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक आयपी पत्ता देतो आणि तो बहुतेक घरांत 192.168 ने सुरू होतो. तुमच्या टीव्हीचा जो पत्ता, तोच समोरच्यांच्या फ्रिजचा असू शकतो, तरी दोघांची भांडणं होत नाहीत. सोसायट्यांचं असंच नाही का? प्रत्येक सोसायटीत 101 नंबरचा फ्लॅट असतोच. आत ‘एकशे एक’ म्हटलं की पुरतं, पोस्टमनला मात्र सोसायटीचा पत्ता लागतो. हे घरगुती नंबर 1996 मध्ये खासगी वापरासाठी अधिकृतपणे राखून ठेवले गेले, कारण जुन्या पद्धतीत सगळ्या जगाला मिळून सुमारे 429 कोटीच पत्ते होते. वरून वाटायचा शेवटचा साठा 3 फेब्रुवारी 2011 ला संपलासुद्धा. म्हणून अख्ख्या घराला बाहेर एकच पत्ता, आणि गेटवर एक वॉचमन. त्या वॉचमनचं नाव नॅट. कोणी काय मागवलं ते तो वहीत लिहून ठेवतो, पार्सल आलं की वही बघून 101 ला पाठवतो. आतून कोणी बोलावलेलंच नसेल तर बाहेरच्याला आत सोडत नाही. आमच्या खऱ्या वॉचमनने याच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे.

फ्लॅटचे नंबर वाटणारा सेक्रेटरी म्हणजे डीएचसीपी. आपल्याकडे भाडेकरार अकरा महिन्यांचा, याचा पुष्कळदा एका दिवसाचा. नूतनीकरण आपोआप होतं, एजंट नाही, नोंदणी नाही, डिपॉझिट नाही. हा सेक्रेटरी जागेवर नसला की लॅपटॉप थोडा वेळ वाट बघतो आणि मग 169.254 ने सुरू होणारा नंबर स्वतःच स्वतःला लावून घेऊन जिन्याखाली राहायला लागतो. स्क्रीनवर असा नंबर दिसला तर कंपनीला फोन करू नका. राउटरचा आणि लॅपटॉपचाच संवाद तुटलेला आहे. आणि हल्ली बऱ्याच इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. म्हणजे तुमच्या वॉचमनच्या पुढे आणखी एक वॉचमन, आणि तो तुमचं ऐकत नाही. याचा त्रास पुढे होणार आहे.

डीएनएस हे नावावरून नंबर शोधून देणारं खातं. 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ते उभं केलं. त्याआधी त्या वेळच्या नेटवरच्या सगळ्या संगणकांची नावं कॅलिफोर्नियातल्या एका संस्थेत एकाच फाइलमध्ये ठेवली जात आणि सगळे तिची नक्कल उतरवून घेत. हे खातं झोपलं की तार शाबूत, राउटर शाबूत, पण नावाने काहीच उघडत नाही. ओळखायचं कसं? संगणकावर पिंग ही आज्ञा देऊन 8.8.8.8 या नंबरला हाक मारायची. पिंग हा छोटा प्रोग्रॅम डिसेंबर 1983 मध्ये माइक म्यूस यांनी लिहिला, नाव घेतलं पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. हाकेला ओ आली आणि तरी साइट उघडत नसेल, तर गेलं ते डीएनएस. ही माहिती मी एकदा उत्साहाने हॉलमध्ये जाहीर केली. “बरं,” सगळे म्हणाले, “मग नेट कधी येणार?”

वेगाच्या बढायांबद्दल थोडक्यात. लग्नकार्यात कोणीतरी भावोजी ‘आमच्याकडे तीनशे एमबीपीएस’ म्हणतात तेव्हा ते बिटांबद्दल बोलत असतात आणि आपण बाइट ऐकतो. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे शंभरच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइटने उतरते. शिवाय नेटच्या केबलीत आठ तारा असतात. गिगाबिट वेगाला आठही लागतात, शंभरला चारच पुरतात. कपाटामागे एखादी तुटली की यंत्र तक्रार न करता शंभरवर येऊन बसतं. भावोजी तीनशेचे पैसे भरत राहतात. त्यांना सांगू नका, कार्य नीट पार पडू द्या.

नेट गेलं की अख्खं घर ओरडतं, आणि ते दोन तासांत, फार तर दोन दिवसांत परत येतं. घरातून कायमचं जातं ते दुसरंच काहीतरी, आणि त्या वेळी कोणीही ओरडत नाही, कारण कोणाला कळतच नाही. बारशाचे फोटो, आजोबांचा आवाज, वडिलांच्या मिळकतीची स्कॅन केलेली कागदपत्रं. हे गेल्याचा पत्ता काही वर्षांनी, साठीशांतीच्या स्लाइड शोच्या आदल्या रात्री लागतो.

“फोटो कुठे आहेत?”

“आहेत की.”

“पण कुठे?”

“फोनमध्ये. नाहीतर जुन्या फोनमध्ये. नाहीतर ती निळी हार्डडिस्क होती ना, ती मामा पिक्चर भरून देतो म्हणून घेऊन गेला होता.”

1 जून 2021 पर्यंत लोक हा प्रश्न गुगल फोटोजवर सोपवून मोकळे होते. त्या दिवसापासून अमर्याद फुकट साठवण बंद झाली आणि मेल, ड्राइव्ह, फोटो मिळून 15 जीबी उरले. त्यातले निम्मे उगवत्या सूर्यावर लिहिलेल्या सुविचारांनी आधीच भरलेले होते. तेव्हा अनेक घरांत नॅस हा शब्द पहिल्यांदा ऐकू आला. नॅटशी याचा काही संबंध नाही, नावं ठेवणाऱ्यांनी आपला विचार केलेला नाही एवढंच. नॅस म्हणजे एक छोटा डबा, त्यात दोन-चार हार्डडिस्का, स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम. तो केबलने राउटरला जोडायचा. मग घरातला कोणताही फोन, लॅपटॉप, टीव्ही त्यात फोटो ठेवू शकतो, त्यातून काढू शकतो, मामाला ती डिस्क पिशवीत घालून नेता येत नाही.

चार टीबीची डिस्क जोडली की विंडोजवर 3.63 दिसतात. दुकानदाराने काही काढून घेतलेलं नसतं. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज 1024 ने मोजतं आणि तरी नाव टीबीच लिहितं. हा घोळ मिटवायला 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने ‘टेबिबाइट’ असं वेगळं नाव काढलं. ते आजवर एकाही दुकानात माझ्या कानावर पडलेलं नाही.

खरी परीक्षा रेडची. ही कल्पना 1988 मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडली. पुष्कळ स्वस्त डिस्का एकत्र बांधा, म्हणजे एक मेली तरी माहिती मरणार नाही. पुढे उद्योगाने त्या नावातला ‘स्वस्त’ काढून ‘स्वतंत्र’ घातला. दुकानात किंमत विचारली की कारण कळतं. रेड शून्यात वेग मिळतो आणि एक डिस्क गेली की उरतंही शून्य. रेड पाचमध्ये तीन किंवा जास्त डिस्का लागतात आणि एकीएवढी जागा हिशेबाला जाते. घरात बहुधा रेड एक असतं, म्हणजे एकीत लिहिलेलं तसंच्या तसं दुसरीत. आमच्याकडे हे समजावताना झालेला संवाद असा:

“म्हणजे आठ टीबीचे पैसे द्यायचे आणि चारच वापरायचे?”

“हो. दुसरी पहिलीसारखीच.”

“मग माझ्याकडून चुकून एकीतला फोल्डर उडाला तर दुसरीत राहील ना?”

“नाही. दोन्हींतून उडेल.”

“मग दुसरी कशाला?”

रेड आणि बॅकअप यांतला फरक याहून कमी शब्दांत मी कुठे वाचलेला नाही. दुसरी डिस्क आहे ती डिस्क मरण्यासाठी, माणसाच्या हातासाठी नाही. उडवलेलं, बिघडवलेलं, कुलूपबंद केलेलं, सगळं ती त्याच क्षणी इमानाने उतरवून घेते.

आणि कुलूपबंद करणारे असतात. नॅस घरी आला की दुसऱ्याच आठवड्यात वाटतं, हा बाहेरूनही दिसला तर किती छान. मघाचा दुसरा वॉचमन आडवा येतो तो इथे. मग उत्साही माणसं कंपनीकडून खास पत्ता विकत घेतात, राउटरमध्ये भोक पाडतात आणि डबा थेट इंटरनेटवर उभा करतात. जानेवारी 2022 मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमने क्यूनॅप या तैवानी कंपनीचे असे उघड्यावर उभे असलेले डबे जगभर गाठले, फायलींना कुलपं घातली आणि प्रत्येकाकडे 0.03 बिटकॉइन मागितले. बाहेरून बघायची फारच हौस असेल तर व्हीपीएनने, म्हणजे खासगी बोगद्याने, आत या. नाहीतर घरी पोहोचेपर्यंत धीर धरा. बारशाचे फोटो तोवर म्हातारे होत नाहीत.

बॅकअपचा नियम पीटर क्रोग या छायाचित्रकाराने लोकप्रिय केला. प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. पहिल्या दोन आपण करतो. तिसरीला ‘घराबाहेर’ म्हणून शेजारच्या विंगमध्ये ठेवतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा पाण्याने विंग विचारली नव्हती. तळमजल्यावरचे लग्नाचे अल्बम ज्यांनी नंतर दोरीवर वाळत घातले, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही. प्रत दुसऱ्या गावात ठेवा. नाशिकच्या मावशीकडे द्या. ती डिस्क तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून, वरून गाठ मारून, दागिन्यांच्या शेजारी ठेवेल आणि मामाला देणार नाही. कोणत्याही क्लाउड कंपनीच्या करारात एवढी हमी नसते. फक्त वर्षातून दोनदा जाऊन ती ताजी करून या, जेवणही होईल.

31 मार्च हा जगात बॅकअप दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी कोणाला जेवायलाही फुरसत नसते, त्यामुळे तो सोडून द्या. खंडेनवमी घ्या. तसंही तेव्हा लॅपटॉप, राउटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतंच. त्या दिवशी पूजेआधी बॅकअपमधून एक जुना फोटो खरोखर परत काढून, उघडून बघा. उघडला तरच बॅकअप आहे असं समजा. आणि नॅसला झेंडूचा हार घालणार असाल तर पुढून घाला. मागे पंख्याची जाळी असते, ती पाकळ्यांनी बुजते, आणि 60-65 अंशांच्या वर डिस्क चालवू नका असं बनवणाऱ्यांनीच लिहून दिलेलं आहे.